परतीचे शेवटचे दिवस : नातवाला कधी सांगावं?

मिरजेची_आजी

नमस्कार. मी आणि हे मे महिन्यापासून न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे आहोत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय. दिवाळी करूनच जा, असा जावयांचा आग्रह आहे. पण आय-९४ वरची (अमेरिकेतल्या आमच्या मुक्कामाच्या नोंदीवरची) मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते आणि मुदतवाढ मागायची आमची इच्छा नाही. मी निवृत्त शिक्षिका, नोव्हेंबरात हयातीचा दाखलाही द्यायचा असतो. सहा महिने बंद असलेलं घर उघडायचंय, ते वेगळंच.

प्रश्न नातवाचा आहे. साडेतीन वर्षांचा आहे. डे-केअरहून त्याला मीच आणते. वाटेत एक मोठा ओक आहे, त्याच्याखाली तो बसकणच मारतो आणि टोपीवाली फळं वेचून माझ्या स्वेटरच्या खिशात भरतो. रात्री चिऊ-काऊची गोष्ट लागते. त्यातल्या चिऊनं पहिल्याच हाकेला दार उघडायचं, बाळाला न्हाऊ-माखू घालत बसायचं नाही, असा त्याचा नियम आहे. काऊ पावसात भिजलेला त्याला चालत नाही.

लेक म्हणते, निघायच्या दिवशीच सांगू, उगाच आधीपासून रडेल. मला ते पटत नाही. पण आई ती आहे, मी नाही. तुम्ही काय केलंत?

आणखी एक. त्यानं ओकच्या फळांचा एक डबा भरून ‘हा मिरजेला न्यायचा’ म्हणून माझ्याकडे दिलाय. नेता येईल का?

वासंती_ठाणे

काकू, सांगा. मी दोनदा टोरांटोहून परतले आहे, दोन्ही वेळा आठवडाभर आधी सांगितलं. इतक्या लहान मुलाला ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे काय ते कळत नाही. म्हणून भिंतीवर कागद लावला, रोज झोपताना एक चौकोन रंगवायचा. शेवटच्या चौकोनात विमान काढलं आणि त्याच्यापुढे आमचं ठाण्याचं घर. विमान कुठे जातं ते त्याला दिसलं पाहिजे. नाहीतर आजी नुसती नाहीशी होते.

रडला तर रडू द्या. तुम्ही तिथे असताना रडला तर जवळ तरी घेता येतं.

मधुरा_सनीव्हेल

मी तुमच्या लेकीच्या जागी आहे, म्हणून लिहिते. ‘नको सांगूस’ म्हणताना तिला मुलाचं रडणं जितकं टाळायचंय, तितकंच स्वतःचंही टाळायचं असेल. आई-बाबा निघायचे असले की मी सामानाचं वजन करत राहते, कारण त्यात हात गुंतलेले राहतात. आधी तिच्याशी बोला, नातवाशी नंतर.

आणि एक कळकळीची विनंती. शेवटच्या आठवड्यात फ्रीजर भरत बसू नका. माझी आई जायच्या आदल्या रात्री बारापर्यंत पुरणपोळ्या करत होती. त्या आम्ही महिनाभर खाल्ल्या, छानच होत्या. पण त्या रात्री ती माझ्याजवळ बसायला हवी होती. तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या दुकानांत सगळं मिळतं, काकू. तुम्ही मिळत नाही.

सदाशिव_पुणे

वहिनी, फळांचा डबा आणू नका. बिया, रोपं यांना आपल्याकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली परवाना आणि तिकडचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. त्यापेक्षा फळं आणि पानं कागदाखाली ठेवून त्याला वरून रंगीत खडू घासायला लावा, सुरेख ठसे उठतात. तो कागद खुशाल आणा.

बाकी : अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, नोंद विमान कंपनीकडून जाते. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि काही दिवसांनी आय-९४ च्या संकेतस्थळावर तुमची निर्गमनाची नोंद दिसते का, ते जावयांना पाहायला सांगा. पुढच्या वेळी उपयोग होतो. औषधं आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. व्हीलचेअर लागणार असेल तर आत्ताच कळवून ठेवा.

पूर्वेकडे येताना झोप जास्त बिघडते, कारण शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं मागे ओढण्यापेक्षा अवघड असतं. साधारण दिवसाला एक तास या हिशेबानं ते सावरतं, म्हणजे आठ-दहा दिवस धरा. बँकेची कामं पहिल्या दोन दिवसांत नकोत. हयातीच्या दाखल्याला संपूर्ण नोव्हेंबर आहे, आणि सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सोयीवर चेहरा दाखवून तो घरबसल्याही देता येतो.

मिरजेची_आजी

सगळ्यांचे मनापासून आभार. मधुरा, तुझं वाचून लेकीला हाक मारली. दोघी स्वयंपाकघरात खूप वेळ बसलो होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. नायगाऱ्याचा बेत तिनं आपणहून रद्द केला, आता राहिलेले दिवस घरीच.

नातवाला काल सांगितलं. रडला नाही. ‘मग चिऊ-काऊ कोण सांगणार?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, फोनवर मीच. तर म्हणाला, तू विमानात असशील तेव्हा? त्या रात्रीसाठी आता आईला गोष्ट शिकवणं चालू आहे. तिच्या गोष्टीत चिऊ अजून दार उशिरा उघडते, म्हणून तो तिला थांबवून सांगतो.

सदाशिवभाऊ, ठसे सुंदर आले, धन्यवाद. वेळेचं एकदा तपासून द्याल का? त्याच्या नाश्त्याच्या वेळी, सकाळी साडेसातला फोन ठरलाय. म्हणजे आपल्याकडे आधी संध्याकाळचे पाच, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की सहा. बरोबर ना? सहाला ह्यांची फिरायला जायची वेळ असते, ती बदलायला सांगते.