मदत हवी आहे: लेखी तक्रारीची सोय असूनही लोक कोर्टाच्या खिडकीवरच का येतात?

नमस्कार. मी कोर्टात लिपिक आहे, खिडकीवर बसते.

आमच्याकडे तक्रारपेटी आहे, ऑनलाइन सोय आहे. तरी लोक समक्षच येऊन बोलतात. पुन्हा तारीख पडली, नक्कल मिळाली नाही, निकाल पटला नाही, सगळं आमच्यापुढे. यातलं बरंचसं आमच्या हातात नसतं. निकालाबद्दल तर अवाक्षर काढता येत नाही, आणि एका पक्षाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या माघारी न्यायाधीशांच्या कानावर घालणंही चालत नाही.

गेल्या आठवड्यात एक आजी आल्या. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ. सकाळपासून बसून होत्या, पुकारा झाला आणि दोन मिनिटांत पुढची तारीख. मी नेहमीचं बोलले, "लेखी अर्ज द्या." त्यांनी गाठ सोडून अर्जाची पोच दाखवली. शिक्का मीच मारलेला होता. म्हणाल्या, "बाई, लेखी दिलंय की. कुणी वाचलं का, एवढंच विचारायला आलेय." मागे रांग होती. मी "पुढचे या" म्हटलं. ते अजून खुपतंय.

कायदेशीर सल्ला न देता अशा वेळी मी काय सांगू शकते? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी याच कामातून निवृत्त झालो. कारण आजींनी सांगितलंच आहे. कागद आत गेला की त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. समोरचा माणूस निदान ऐकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी १९८४ साली शिकागोत १,५७५ जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पोलीस-कोर्टाबद्दल लोकांचं मत निकाल बाजूने लागला का यापेक्षा आपल्याला नीट, न्यायाने वागवलं का यावर जास्त ठरतं, असं त्यांना दिसलं. मला खिडकीवर हेच जाणवायचं.

"मी काय करू?" याचं उत्तर देऊ नका, पण "हे कसं होतं?" याचं जरूर द्या. कोणता फॉर्म, नक्कल कशी मागायची, पुढची तारीख कशासाठी आहे. निकाल पटला नाही म्हणणाऱ्याला आधी सांगा, की अपिलाला मुदत असते, वकिलाला लगेच भेटा. आमच्याकडे तक्रारीच्या चकरा मारता मारता मुदत घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटायचं.

आणि अर्ज फाइलला लागला का, हे नोंद बघून सांगणं म्हणजे सल्ला नव्हे.

धागाकर्ती

मनापासून आभार, काका. आज नोंद काढली. आजींचा अर्ज त्याच दिवशी फाइलला लागलाय, पुढच्या तारखेला त्यावरच सुनावणी आहे. तेव्हाच पाहिलं असतं तर मिनिटभरात सांगता आलं असतं. एक शंका राहिली: हीच माहिती समोरच्या पक्षाने विचारली, तर त्यालाही तेवढीच द्यायची ना?