खडकीच्या सार्जंट्स मेसचे पितळी टोकन: काळ कसा ठरवावा?

खडकीवासी:
पुण्याच्या जुन्या बाजारात मोडीच्या भांड्यांबरोबर मला एक पितळी टोकन मिळाले. व्यास २९ मिलिमीटर असून वरच्या कडेला भोक आहे. एका बाजूस मुकुट आणि त्याखाली ‘सार्जंट्स मेस, आर. एफ. ए., किरकी’ अशी इंग्रजी अक्षरे (किरकी म्हणजे इंग्रजांच्या लेखनातली खडकी), तर दुसऱ्या बाजूस ‘२ आणे’ एवढेच आहे. मी आजवर केवळ नाणी जमवली. त्यांवर वर्ष असते, यावर ते नाही. याचा काळ कसा ठरवावा? मेसमध्ये, म्हणजे लष्करातल्या सार्जंटांच्या खाण्यापिण्याच्या जागी, रोख पैसे न घेता अशी टोकने का वापरत असत? चिंच लावून घासल्यास अक्षरे उजळतील का?

जुना_तोफखाना:
आर. एफ. ए. म्हणजे रॉयल फील्ड आर्टिलरी. ही शाखा १८९९ मध्ये वेगळी झाली आणि १९२४ मध्ये पुन्हा रॉयल आर्टिलरीत विलीन झाली, म्हणून आपले टोकन या पंचवीस वर्षांतले धरावे. आता मुकुट भिंगाखाली पाहा. त्याच्या कमानी मधोमध दबलेल्या असतील तर तो साधारणपणे व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, आणि घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरचा समजतात. ‘सार्जंट’ हा शब्दही बोलका आहे, कारण हिंदी पायदळाच्या पलटणींत त्या जागी हवालदार असे. अशी मेस गोऱ्या तुकड्यांची.

रोख पैशांविषयी सांगायचे तर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये चिठ्ठीवर सही करून महिनाअखेरीस बिल चुकवण्याची रीत होती (इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्याच चिठ्ठीवरून गेला आहे). सार्जंट्स मेस, कॅन्टीन आणि कॉफी शॉप येथे मात्र टोकने चालत. ती आधी विकत घ्यायची आणि पेयाच्या वेळी द्यायची, त्यामुळे वाढणाऱ्याच्या हाती रोकड येत नसे आणि मेसबाहेर त्या पितळेला काही किंमत नसे.

पितळ_आणि_तांबे:
चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर कृपया लावू नका. शंभर वर्षांत चढलेला तपकिरी थर एकदा गेला की पुन्हा येत नाही आणि अक्षरांच्या कडाही झिजतात. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपले तरी पुरे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत मात्र ते ठेवू नका. त्यांच्यामुळे पितळेवर हिरवा चिकट थर येतो. मुंबईच्या चोर बाजारात ओतीव नकलाही पाहिल्या आहेत: पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर साच्याची रेघ. वेडीवाकडी अक्षरे दिसली म्हणून टोकन खोटे म्हणून मोकळे होत असाल, तर तसे करू नका.

जुना_तोफखाना:
याला माझा दुजोरा आहे. कित्येक अस्सल टोकनांवर अक्षरे एकेक ठोकूनच उमटवली आहेत. एक विनंती: टोकन कुठे, केव्हा आणि कितीला मिळाले हे आजच पाकिटावर लिहा. खडकीचे टोकन पुण्यातच सापडले, ही नोंद हरवली तर पुन्हा मिळवता येणार नाही.

खडकीवासी:
कमानी घुमटासारख्या गोल आहेत, म्हणजे १९०१ ते १९२४. घासण्याचा विचार सोडला. पाकिटावर जागा, रविवारची तारीख आणि दीडशे रुपये लिहून ठेवले आहेत.