मूगडाळीचं धिरडं भाज्या घातल्या की तव्यावर फाटतं

सकाळची_घाई: डब्याआधी पटकन होणारा, पोटभर प्रोटीनचा तिखटमिठाचा नाश्ता हवाय. पिवळी मूगडाळ तासभर भिजवून वाटते, त्यात किसलेला दुधी, गाजर, पालक आणि कुस्करलेलं पनीर घालते. पहिलं धिरडं जमतं, पुढची चिकटतात, उलटताना तुटतात. बिडाचा तवा आहे. तांदळाचं पीठ वाढवू का? दोघांना किती डाळ पुरेल?

तवा_उलथनं: पीठ वाढवू नका, प्रोटीन तेवढंच राहतं आणि पोटात पीठच जास्त जातं. दोष पाण्याचा आहे. मीठ लागलं की दुधी-पालक पाणी सोडतात, म्हणून पहिलं नीट होतं आणि तिसऱ्यापर्यंत पीठ पळीतून धावायला लागतं. दुधी किसून घट्ट पिळा. ते पाणी डाळ वाटायला वापरा, वेगळं पाणी कमीच लागेल. पालक बारीक चिरा, गाजर बारीक भोकाच्या किसणीवर. जाड तुकडा राहिला की धिरडं तिथेच फाटतं.

दोघांना १०० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. भिजली की पूर्ण निथळा. २ मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, अर्धा चमचा जिरं घालून वाटा, पाणी ४-५ मोठे चमचेच. इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. भाज्या सगळ्या मिळून एक वाटी, त्याहून जास्त नको. मीठ आणि भाज्या तवा तापल्यावरच मिसळा.

कांदा_अर्धा: तव्याचंही बघा. पाण्याचे थेंब टाकले की लगेच नाचून उडाले पाहिजेत. मग आच मध्यम करून अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, दर धिरड्याआधी. तवा फार तापला असेल तर पळी टेकताच पीठ गोळा होतं, पसरत नाही. पाण्याचा हबका मारून पुसून घ्या. झाकण ठेवून दोन मिनिटं. वरचा ओला चकाकीपणा गेला आणि कडा आपणहून सुटल्या की उलटा. त्याआधी उलथनं घातलं तर तुटणारच. उलटल्यावर झाकण नको, मऊ पडतं.

आणि पनीर पिठात कशाला? बिडावर तेच आधी चिकटून करपतं. उलटल्यावर वर पसरा आणि घडी घाला. माणशी ५० ग्रॅम घेतलं तर ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन वाढतं.

सकाळची_घाई: आदल्या रात्री वाटून ठेवलं तर? आणि पनीर नसेल तेव्हा?

तवा_उलथनं: नुसतं वाटलेलं पीठ, मीठ-भाज्यांशिवाय, फ्रिजमध्ये दुसऱ्या सकाळपर्यंत छान राहतं. बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात आंबतं. थंड पीठ तव्यावर नीट पसरत नाही, म्हणून आंघोळीला जाताना बाहेर काढा.

बेसनवाला: पनीर नसेल तर अंडं. एक अंडं फेटून धिरड्याच्या ओल्या बाजूवर ओता, पळीने पसरा, कडेने थेंबभर तेल सोडा, अंडं जमलं की उलटा. ६ ग्रॅमची भर. भिजवायचंच राहिलं असेल तर १०० ग्रॅम बेसनात पाऊण वाटी पाणी, ओवा, हळद, आणि कोबी किंवा मेथी. गुठळ्या मोडून १० मिनिटं तसंच ठेवायचं, नाहीतर मधे कच्चट लागतं. बेसनाला मात्र तेल जरा सढळ लागतं.

कांदा_अर्धा: ओव्याबरोबर चिमूटभर हिंगही. आणि मेथी असेल तर मीठ लावून पिळू नका, चवच निघून जाते.