डाग फिका पडला म्हणून बायोप्सी टाळू नका

वर एका ताईंनी लिहिलंय की ऐरोलीच्या काकांच्या पाठीवरचा काळा डाग काढ्याने अर्धा पुसला गेला, मग बायोप्सी कशाला? काढ्याचं राहू द्या. मेलानोमाचा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचा, डाग आपोआप विरू शकतो, हे मात्र खरं.

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. अशा डागाच्या स्लाइडवर एकीकडे गाठीच्या पेशी आणि त्यांना गराडा घालून बसलेले लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात. जिथलं काम उरकलंय तिथे नुसता व्रण, आणि सांडलेलं रंगद्रव्य गिळून काळ्या झालेल्या मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या) पेशी. मारेकरी मुख्यतः टी पेशी, लिम्फोसाइटचाच एक प्रकार. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची प्रथिनं ओळखून त्या तुटून पडतात, म्हणून कधीकधी निरोगी त्वचाही कोडासारखी पांढरी पडते. याच टी पेशींना रोखून धरणारे ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करण्याच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं (अ‍ॅलिसन आणि होंजो).

गोम पुढे आहे. वरचा डाग विरेपर्यंत काही पेशी काखेतल्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) पोचलेल्या असू शकतात. काही रुग्णांत तर मेलानोमा थेट तिथेच सापडतो, मूळ डाग कुठेच नसतो. पूर्णपणे विरून रुग्ण बरा होणं फार दुर्मिळ.

तेव्हा काकांना त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) दाखवाच. डागाचा जुना फोटो सोबत न्या, आणि ‘आधी मोठा होता’ हे फॉर्मवर लिहायला सांगा. विरलेल्या भागामुळे गाठीची जाडी आमच्याकडून खऱ्यापेक्षा कमी मोजली जाऊ शकते.