हृदय कमकुवत झाले तर पाणी पायांत का साठते?

प्रश्न :
माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. गेल्या महिन्यापासून संध्याकाळी त्यांचे घोटे सुजतात, मोज्यांचे वळ उमटतात आणि आडवे झाले की दम लागत असल्यामुळे ते तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपतात. डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरचे निदान करून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत आणि मीठ व पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे. मला कळत नाही ते असे, की बिघाड हृदयात असताना पाणी पायांत आणि फुप्फुसांत येते कुठून? मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक असताना औषध लघवीचे का? पाणी कमी प्यायल्याने मूत्रपिंडे खराब होतील या भीतीने आई त्यांना आग्रहाने पाणी पाजते. तिला पटेल असे कारण मला हवे आहे.

उत्तर १ (मी फिजिशियन आहे) :
‘फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे; शरीराला लागते तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. निरोगी हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग निकामी झाला की हा पुरवठा घटतो. तो का घटला हे मूत्रपिंडांना कळण्याचा मार्ग नाही. मोठा रक्तस्राव किंवा जुलाब झाल्यावर ती जे करतात तेच याही वेळी करतात : रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होते, त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडांवर बसलेली अधिवृक्क ग्रंथी आल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक स्रवते, आणि लघवीवाटे जाणारे मीठ पुन्हा रक्तात ओढले जाते. मिठामागोमाग पाणी येतेच. जखमी माणसाचा जीव वाचवणारी हीच व्यवस्था तुमच्या वडिलांच्या शरीरात गरज नसताना अहोरात्र चालू आहे. म्हणून तपासण्या ठीक आहेत : मूत्रपिंडे आपले काम चोख करत आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी खबर मात्र चुकीची आहे. लघवीची गोळी मूत्रपिंडांना हे मीठ परत ओढू देत नाही.

आता पायांकडे वळू. केशवाहिन्यांतील, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतील, रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ते आत धरून ठेवते. हा तोल स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला. हृदयाकडे परतणारे रक्त तुंबले आणि त्यात वाढीव पाण्याची भर पडली की शिरांतील दाब मागे केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि पाणी पेशींच्या मधल्या जागेत झिरपते. हृदयाच्या डाव्या बाजूचे तुंबणे फुप्फुसांत जाणवते, उजव्या बाजूचे पाय, यकृत आणि पोटात. दिवसभर पायांत उतरलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि फुप्फुसांवरचा भार वाढवते, त्यामुळे उशा लागतात. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते तेही बहुधा याच पाण्यामुळे.

आईंना सलाईनच्या बाटलीचे उदाहरण द्या. त्यात १ लिटर पाण्यामागे ९ ग्रॅम मीठ असते. शरीरात अडकून राहिलेले ९ ग्रॅम मीठही जवळपास तेवढेच पाणी धरून ठेवते. मूत्रपिंडांना त्रास होतो तो रक्तप्रवाह कमी पडल्याने आणि शिरा तुंबल्याने. जास्त पाणी पाजल्याने ते तुंबणे वाढते.

उत्तर २ :
माझ्या आईला हाच आजार होता. आम्ही रोज तिच्या पायांकडे पाहत राहिलो आणि तिथेच चुकलो, कारण सूज डोळ्यांना दिसेपर्यंत शरीरात काही लिटर पाणी साठलेले असते. वजनकाटा त्याआधी सांगतो : १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. सकाळी लघवी झाल्यावर, चहापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. आम्ही जेवणातले मीठ कमी केले होते, पण लोणचे, पापड, फरसाण आणि सुकट यांतले मीठ कितीतरी दिवस आमच्या हिशेबातच नव्हते.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. सलाईनचे उदाहरण आईला लगेच पटले. एक गोष्ट सांगायची राहिली : गुडघे दुखतात म्हणून बाबा औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेतात. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

उत्तर १ :
निश्चितच असू शकतो, आणि तुम्ही हे विचारलेत ते फार बरे झाले. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांतून मीठ बाहेर पडणे कमी होते आणि लघवीच्या गोळीचा परिणामही मंदावतो. त्या थांबवून आजच तुमच्या डॉक्टरांना हे सांगा. गुडघ्यांसाठी दुसरा उपाय ते सुचवतील. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही त्यांना विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही औषधांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. बसूनही दम थांबेना, किंवा खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर रात्र असली तरी त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्या.