जावास्क्रिप्टमध्ये वेग आणि एन्कॅप्सुलेशन (ऑब्जेक्टमधील माहिती बाहेरच्या कोडपासून लपवणे) यांपैकी कशाला प्राधान्य द्यावे?

सातपूरकर (प्रश्न)
नमस्कार. लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिक येथील बाजार समित्यांमधील कांद्याची आवक व दर एकाच तक्त्यात दाखवणारे एक संकेतस्थळ मी तयार करीत आहे. तक्त्यात सुमारे २०,००० नोंदी असून प्रत्येक नोंदीसाठी एक ऑब्जेक्ट आहे. किमान दर कमाल दरापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणून दोन्ही दर मी कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये, क्लोजरच्या (आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनमधील मूल्ये वापरता येण्याच्या सोयीच्या) साहाय्याने लपवले आहेत आणि त्यांच्यापर्यंत केवळ मेथडद्वारेच, म्हणजे ऑब्जेक्टच्या स्वतःच्या फंक्शनद्वारेच, पोहोचता येते. साध्या अँड्रॉइड फोनवर मात्र हे पान चांगलेच अडखळते. सर्व फील्डे (ऑब्जेक्टमधील मूल्यांच्या जागा) उघडी ठेवावीत, असे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य आहे?

पंचवटीहून
दोष एन्कॅप्सुलेशनचा नसून ते साधण्यासाठी निवडलेल्या पद्धतीचा असावा. कन्स्ट्रक्टरच्या आत लिहिलेली प्रत्येक मेथड ही प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतंत्र फंक्शन म्हणून निर्माण होते. म्हणजे आठ मेथड असतील तर तुमच्याकडे १,६०,००० फंक्शन ऑब्जेक्ट मेमरीत बसलेले आहेत, जिथे प्रोटोटाइपवर, म्हणजे सर्व ऑब्जेक्टना सामाईक असलेल्या जागी, आठच पुरले असते. जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या प्रमाणकापासून क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) # चिन्हाने सुरू होणारी खासगी फील्डे अधिकृतपणे उपलब्ध आहेत. ती वापरल्यास मेथड प्रोटोटाइपवरच राहतात आणि दरही खरोखर लपलेले राहतात.

इंदिरानगरकर
वरील सल्ल्यात एक भर घालतो. तुम्ही टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासून जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणारी भाषा) वापरत असाल, तर कंपायलरचे टार्गेट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या कोणत्या वर्षीच्या प्रमाणकात रूपांतर करायचे ते, आधी तपासा. ते २०२२ च्या आधीचे असेल, तर # फील्डचे रूपांतर वीकमॅपमध्ये (ऑब्जेक्टनुसार मूल्ये साठवणाऱ्या वेगळ्या यादीत) होते आणि दर वाचण्याच्या प्रत्येक वेळी त्यात शोध घ्यावा लागतो. टाइपस्क्रिप्टचा 'प्रायव्हेट' हा शब्द मात्र केवळ कंपाइल करतानाच तपासला जातो; त्याने वेग घटत नाही आणि चालू प्रोग्रॅममध्ये संरक्षणही मिळत नाही.

सातपूरकर
टार्गेट २०१७ चेच होते! ते बदलले, मेथडही प्रोटोटाइपवर नेल्या. मेमरी बरीच उतरली, पण दरानुसार क्रम लावताना आणि तक्ता सरकवताना पान अजूनही अडखळते.

पंचवटीहून
मग आता अंदाज पुरे; ब्राउझरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये नोंद घेऊन पाहा. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदच मिळतात आणि २०,००० ओळी एकदम डॉममध्ये (ब्राउझरने मेमरीत ठेवलेल्या पानाच्या रचनेत) असतील, तर मांडणीची गणितेच ती वेळ खाऊन टाकतात. पडद्यावर दिसणाऱ्या तीस-चाळीस ओळीच काढा. क्रम लावताना तुलनेचे फंक्शन साधारण अडीच ते तीन लाख वेळा चालते. तिथे दर वेळी मेथडमधून दर मागण्याऐवजी संग्रहाच्या क्लासने आतल्या आत सर्व दर एका टाइप्ड अॅरेमध्ये (फक्त एकाच प्रकारच्या संख्या सलग ठेवणाऱ्या यादीत) एकदाच उतरवून घ्यावेत. बाहेरच्या कोडला याचा पत्ताही लागणार नाही.

सहकाऱ्याच्या सूचनेबद्दल अनुभव सांगतो. मागे एका कामात आम्ही सर्व फील्डे उघडीच ठेवली होती. कोणत्या तरी पानाने दर संख्येऐवजी मजकूर म्हणून भरले आणि उतरत्या क्रमात ९०० रुपये हा दर १,२०० च्या वर जाऊन बसला. फील्डे कुठूनही बदलता येत असल्यामुळे ती चूक नेमकी कोणत्या फाइलमध्ये झाली, हे शोधण्यात आमचे दोन दिवस गेले.

सातपूरकर
दिसणाऱ्या ओळीच काढल्यावर सरकवणे सुरळीत झाले. टाइप्ड अॅरेचे काम आज रात्री हाती घेतो. फील्डे बंदच ठेवतो.