शाखांमधले डब्ल्यूसस सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचे अपडेट मंजूर करून पीसींना वाटणारे) काढून टाकावेत का?

लाइनमन: शाखेत ४० पीसी, लीज लाइन २० एमबीपीएसची. ६०० एमबीचा मासिक अपडेट प्रत्येकाने वेगळा ओढला तर २४ जीबी, म्हणजे लाइन २ तास ४० मिनिटं तुडुंब. एकदाच ओढून आपसांत वाटला तर लाइन ४ मिनिटांत मोकळी. विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन हे फुकटात करतं. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये डब्ल्यूससमध्ये नवीन काही घालणार नाही असं सांगून टाकलंय. मग शाखेशाखेत ही पिल्लं कशाला पाळायची?

जुनाखोड: ती ४ मिनिटं कागदावरची. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनच्या डाउनलोड मोड १ मध्ये पीअर (तुकडे आपसांत देणारे पीसी) निवड नॅटवर (अनेक पीसी एकाच पब्लिक आयपीमागे) असेल, तर ‘एकच लॅन’ ठरतं बाहेर दिसणाऱ्या पब्लिक आयपीवरून. सगळ्या शाखांचं इंटरनेट मुख्यालयाच्या एकाच फायरवॉलमधून जातं ना? मग सगळ्या शाखा एकाच लॅनवर! एका शाखेतला पीसी दुसऱ्या शाखेकडे तुकडे मागणार आणि दोन्हीकडच्या लाइनी भरणार. शाखेतला डब्ल्यूसस निदान असले घोळ घालत नाही.

लाइनमन: म्हणून मोड २ लावायचा, म्हणजे वाटप ठरवलेल्या गटातच. शाखेगणिक एक जीयूआयडी (गटाची एकमेव ओळख), तो डीएचसीपी (पीसींना आयपी देणारी सेवा) ऑप्शन २३४ मधून द्यायचा आणि ग्रुप आयडीचा सोर्स ३, म्हणजे डीएचसीपी, ठेवायचा. शाखेत तीन व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) असतील तर तिन्हींच्या डीएचसीपी स्कोपना तोच जीयूआयडी. इथे सबनेट मास्कचं बंधन (एकाच सबनेटमधलेच पीअर) घालू नका, नाहीतर तोच अपडेट तीनदा येईल. आणि डब्ल्यूससचे घोळ नाहीत म्हणता? डब्ल्यूससपूलची (डब्ल्यूससची वेब सेवा चालवणाऱ्या पूलची) मेमरी मर्यादा मुळात १८४३२०० केबी. ती भरली की पूल बंद आणि क्लायंटला ५०३ (सेवा उपलब्ध नाही). कालबाह्य अपडेट डिक्लाइन (नाकारून बाजूला) न करणाऱ्यांकडे हे ठरलेलंच.

पोर्टबंद: दोघंही फायरवॉल विसरलात. पीसी-पीसीत बोलायला टीसीपी ७६८० उघडा लागतो. रॅन्समवेअर पसरू नये म्हणून सिक्युरिटीवाले नेमकं हेच बंद करतात. वायफायवर क्लायंट आयसोलेशन (पीसींना एकमेकांशी बोलू न देणं) असेल तर विषयच संपला. एरर कुठेच येत नाही, पीसी गुपचूप थेट डाउनलोडवर जातो. पॉवरशेलमध्ये ‘गेट-डिलिव्हरीऑप्टिमायझेशनस्टेटस’ (Get-DeliveryOptimizationStatus) चालवा आणि पीअरकडून आलेले बाइट्स बघा. सगळीकडे शून्य असेल तर नुसती पॉलिसीच लागलीय.

रिंगमास्टर: आणखी एक मेख. पहिल्या रिंगला (आधी अपडेट मिळणाऱ्या पीसींच्या गटाला) अपडेट मंगळवारी आणि बाकीच्यांना पुढच्या मंगळवारी, असं बरेच जण करतात. पण कॅशमधली फाइल मुळात ३ दिवसच टिकते. दुसरी रिंग येईपर्यंत पहिलीची शिदोरी संपलेली, पुन्हा सगळं लाइनवरून. कॅशचं वय ६९१२०० सेकंद, म्हणजे ८ दिवस करा.

जुनाखोड: ठीक, पण मंजुरीचं काय? कोणता अपडेट कधी द्यायचा हे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ठरवत नाही.

लाइनमन: मंजुरीला मुख्यालयातला एक डब्ल्यूसस पुरतो. शाखेतला प्रत्येक जादा सर्व्हर म्हणजे डब्ल्यूससचं पोर्ट ८५३० उघडं ठेवून बसलेलं आणखी एक दार. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससच्या गंभीर छिद्रासाठी तातडीचा पॅच आला. ४० शाखा असतील तर ४० ठिकाणी मारा.

जुनाखोड: आणि कारखान्यातल्या बिनइंटरनेटच्या नेटवर्कचं? पीअरची यादी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडकडूनच येते, तिथवर पोहोचलंच नाही तर कुठलाही मोड ठेवा, उपयोग नाही. तिथला डब्ल्यूसस मी हलवू देणार नाही.

लाइनमन: तिथला राहू द्या. शाखांतले काढा.